बिनगाठीचं जाळं

माझा बाप लोकर विणायचा. मुरुडात कुणालाही हे सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघे आणि मग आभाळाकडे, थंडी कुठून येते आहे का ते पाहायला. आमच्या कोळीवाड्यात बायका मासळी विकतात, सूत पिळतात आणि भांडतात. पुरुष समुद्रावर जातात, जाळी विणतात आणि उरलेला वेळ झोपतात. लोकर अंगावर घ्यावी असा एक दिवस वर्षात आमच्या वाट्याला येत नाही. पौषात पहाटे जरा गार वाटतं, तेवढ्याला गोधडी पुरते.

हे खूळ त्याला ग्लासगोत लागलं. पहिल्या मोठ्या लढाईच्या साली काळूराम, म्हणजे माझा बाप, आगबोटीवर खलाशी होता. बोटीच्या शिडीवरून पडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं आणि तिथल्या इस्पितळात त्याला पाच महिने टाकून ठेवलं. बाहेर बर्फ, आत हा एकटा कोळी, कुणाचं बोलणं कळत नाही. एका नर्सबाईला दया आली आणि तिने दोन सुया आणि लोकरीचा गुंडा त्याच्या हातात दिला. त्या बाईने त्याला गोळ्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आई म्हणे. एक पाय आखूड करून आणि एक निळा गळपट्टा घेऊन तो घरी आला, आणि समुद्रावर जाणं कायमचं सुटलं. आई, नीराबाई, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार करायची, त्यावर घर चालायचं. हा ओट्यावर बसून एक टाका सुलटा, एक टाका उलटा.

त्याच्या पुऱ्या झालेल्या कामांबद्दल आधी सांगते, कारण ती थोडी आहेत. आईला त्याने हातमोजे केले. तिने ते काटेरी शिंगाळी धरायला वापरले, आणि आठ दिवसांत त्यांना असा वास लागला की मांजरं तिच्या हातांच्या मागे मागे बाजारापर्यंत जाऊ लागली. शेजारच्या ठमीकाकूच्या नातवाला त्याने टोपडं केलं, चैत्रात. पोराच्या डोक्यावर घामोळं उठलं आणि ठमीकाकूने ते टोपडं आमच्या ओट्यावर आणून आपटलं. वखारवाल्या हसनमियांना पायमोजे दिले. त्यांनी 'माशाल्ला, माशाल्ला' म्हणत घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यात सुपाऱ्या भरून ठेवल्या. एवढा एकच काय तो त्या लोकरीचा उपयोग झाला.

टोप्यांचं प्रकरण वेगळं. एका वर्षी त्याने येसाजी तांडेलाच्या होडीवरच्या पाच गड्यांना लोकरी टोप्या विणून दिल्या. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, त्याच्यासमोर नाही कसं म्हणायचं म्हणून सगळ्यांनी घातल्या. लाटेचं पाणी बसलं, वर ऊन तापलं, आणि टोप्या आवळत गेल्या. किनाऱ्याला लागले तेव्हा पाचही जणांच्या भिवया वर चढलेल्या होत्या, जणू समुद्रात काहीतरी नवल बघून आले. चौघांनी टोप्या कोयत्याने कापून काढल्या. पाचवा येसाजीचा धाकटा मुलगा सदा. त्याने कापली नाही. तो आमच्या ओट्यावर आला आणि बापाला म्हणाला, "काका, झ्याक हाय, जराशी घट हाय." कपाळावर लाल वळ उठलेला. हा माणूस एकतर ठार वेडा आहे किंवा फार चांगला आहे, असं मला वाटलं. नंतर कळलं की दोन्ही आहे. तेव्हापासून मला सदाशीच लग्न करायचं होतं आणि हे मी आईखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

अर्धवट कामं मात्र पाटीभर होती. आढ्याला एक मासळीची पाटी टांगलेली असे, तिच्यात ती सगळी. आईसाठी म्हणून सुरू केलेला स्वेटर होता, त्याला एकच बाही होती आणि ती कुणा राक्षसाच्या मापाची. एक चादर होती, ती रुमालाएवढी होऊन थांबलेली. एक तर असं काही होतं की ते काय होणार होतं हे बापालाही आठवत नव्हतं. "व्हईल तवा कळंल," म्हणायचा. लोकर मुंबईहून यायची, माझा चुलतभाऊ चंदर गोदीत होता तो वर्षातून एकदा पाठवी. ती संपली की बाप जुनं उसवून नवं सुरू करी. आईचा स्वेटर असा सात वेळा जन्मला आणि सात वेळा मेला.

उसवायच्या कामाला मी. पाच वर्षांची असल्यापासून दोन्ही हात पुढे करून बसायचं आणि तो लोकर माझ्या मनगटांभोवती गुंडाळत जायचा. इतर पोरी शिंपल्या वेचायच्या, मी खांबासारखी बसलेली. पण बसून बसून एक गोष्ट मला पक्की कळली. विणलेल्या लोकरीला गाठ नसते. टाका टाक्यात नुसता अडकलेला असतो. शेवटचा सुटला की त्याच्या मागचा सुटतो, मग त्याच्या मागचा, पार सुरुवातीपर्यंत. थोडंच उसवायचं असेल तेव्हा बाप आधी मधल्या एका ओळीतून वेगळा धागा ओवून घेई. त्या ओळीशी आलं की उसवणं थांबे.

मी अठराची झाले त्या वर्षी, एकोणीसशे एकतीस साली, ज्येष्ठात येसाजी तांडेल आमच्याकडे आला. ओट्यावर बसला, पान खाल्लं, आणि सदासाठी मला मागितलं. मी दाराआड होते. आईने माझ्याकडे बघितलं आणि मी जमिनीकडे बघितलं, म्हणजे तिला उत्तर मिळालं.

"एकच बोलनं हाय, काळूराम," येसाजी म्हणाला. "मी पोरीसाटी देज देनार न्हाय, तुझ्याकडनं मानपान मागनार न्हाय. माझ्या होडीवर जो आपलं जाळं आनतो त्याला वाटा. सदाकडं जाळं न्हाय. तू सासरा व्हनार, तू दे. वीस वाव. नारळी पुनवेच्या आदी."

येसाजीच्या होडीची रीत होती ती. दर गड्याने आपापला जाळ्याचा तुकडा आणायचा, सगळे एकाला एक जोडायचे आणि पाण्यात भिंतीसारखे सोडायचे. ज्याचा तुकडा नाही तो नुसता हरकाम्या. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी, आणि वीस वाव विणायला चांगल्या गड्याला पावसाळ्याचे दोन महिने लागतात. आईला वाटलं, बाप माझ्या मामाला सांगेल. मामाचा हात जाळ्यावर बसलेला होता. बापाचा नव्हता. तो तेराव्या वर्षीच बोटीवर पळाला होता आणि जाळ्याची गाठ त्याला कधी धड आली नाही. हे साऱ्या वाड्याला ठाऊक होतं, फक्त त्याला नव्हतं.

"मीच इणतो," बाप म्हणाला. "बारा दिसांत देतो."

येसाजी पानाची पिंक टाकायची विसरला.

दुसऱ्या दिवशी बापाने पोफळीचं लाकूड तासून हातभर लांबीच्या दोन सुया केल्या. आईने आणि मी पिळलेलं सगळं सूत त्याने ओट्यावर ओढलं आणि लोकरीसारखं विणायला बसला. गाठ मारायची लाकडी सुई नाही, मापाची पट्टी नाही. एक सुलटा, एक उलटा. दिवसाला दोन वाव जाळं ओट्यावरून खाली उतरू लागलं. वाड्यातली माणसं पावसात इरली डोक्यावर घेऊन बघायला आली. पहिल्या दिवशी हसली. पाचव्या दिवशी गप्प झाली. आठव्या दिवशी मामा येऊन गेला आणि घरी जाऊन बायकोवर ओरडला.

त्याच संध्याकाळी मी बापाजवळ बसले. "बा, ह्याला गाठ न्हाय. जाळ्याचं एक घर तुटलं तर सगळं उसवंल. तुझ्या सेटरासारखं."

त्याने सुया थांबवल्या नाहीत. "राही, तू ग्लासगोला गेली व्हतीस काय?"

"न्हाय."

"मंग."

या वाक्यावर आमच्या घरात पंधरा वर्षं सगळी भांडणं संपत होती. आमटी खारट झाली तरी ग्लासगो, कौल गळलं तरी ग्लासगो. तिथे त्याने इस्पितळाचं छत सोडून काय पाहिलं होतं कोण जाणे. मी उठले. पुन्हा एकदा सांगायला हवं होतं, ओरडून सांगायला हवं होतं, पण मला राग आला होता आणि रागात मी गप्प बसते.

येसाजी स्वतः बघायला आला तेव्हा त्याने जाळं हातात घेऊन विचारलं, "गाठ कुठं हाय?"

"ती जुनी रीत," बाप म्हणाला. "गाठीनं जाळं जड व्हतं. मासा पन बुजतो. साहेबाच्या मुलखात आता आसंच."

येसाजीने जाळं दोन्ही हातांनी ताणलं. ते रबरासारखं वाढलं आणि परत आलं. त्याने ते उचलून वजन बघितलं, फूल उचलावं तसं उचललं गेलं. त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की तो साऱ्या होडीची जाळी बारा-बारा दिवसांत मोजतो आहे. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, पण फुकट आणि लवकर हे दोन शब्द कानात गेले की त्याचीही अक्कल गोदीत जाऊन बसायची. "झ्याक," म्हणाला आणि गेला.

जाळं पुरं झालं. आयुष्यात पहिल्यांदा बापाने काहीतरी बोललेल्या दिवशी पुरं केलं होतं. आम्ही ते ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून तांबूस रंगवलं, म्हणजे खाऱ्या पाण्याने सूत कुजत नाही, आणि पाऊस उघडला तसं अंगणात काठ्यांवर वाळत टाकलं. बाप नव्या सुया खांद्यावर टाकून बंदरावर गेला, लोकांना ग्लासगो सांगायला. घरात मी एकटी.

मी कोरं सूत घेतलं आणि जाळ्याच्या बरोबर मध्यावर एका ओळीतून ओवत गेले. नुसतं ओवून भागणार नव्हतं, म्हणून प्रत्येक घराला गाठ मारली. आमच्या आजोबाने मारली असती तशी, दोनदा फिरवून आवळून. एका ओळीला दुपार गेली. बोटं सोलली. रंगवलेल्या जाळ्यात ती पांढरी ओळ भांगासारखी दिसत होती. अशा दहा ओळी तरी घालायला हव्या होत्या. दुसरीला सूत तोडलं आणि सदा अंगणात उभा. बापाने बंदरावरूनच त्याला जाळं न्यायला पाठवलं होतं.

"झालं काय?" त्याने विचारलं.

मला त्याला सांगता आलं असतं. हे नेऊ नको, हे जाळं नाही, हा स्वेटर आहे. पण सांगितलं की जाळं गेलं, जाळं गेलं की लग्न गेलं, आणि येसाजीकडे दुसऱ्या मुलीच्या बापाचं जाळं यायला वेळ लागणार नव्हता. "झालं," मी म्हटलं. सदाने जाळं खांद्यावर घेतलं आणि जाताना हसला. हे माझं पाप आहे आणि ते मी कुणावर ढकलत नाही.

नारळी पुनवेला समुद्रात नारळ सोडला, होड्या सुटल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी येसाजीची होडी परत आली तेव्हा आम्ही सगळे किनाऱ्यावर होतो. बाप सगळ्यांच्या पुढे, गळ्यात तो निळा गळपट्टा, श्रावणातल्या उकाड्यात. होडी वाळूला लागली तरी येसाजीने कुणाकडे बघितलं नाही. गड्यांनी जाळी उतरवली. आमचं जाळं शेवटी उतरलं. अर्धं जाळं आणि त्याच्या टोकाला सुताचा एवढा मोठा गुंता की तो उचलायला दोघे लागले.

सदाने हळू आवाजात सांगितलं. भरतीला धारदार दातांची एक मुशी मासळी जाळ्याच्या शेवटाला लागली. फार मोठी नव्हे, हातभर. तिने दोन घरं तोडली आणि निघून गेली. ओढ बसली तसं जाळं मागे मागे उसवत आलं, गड्यांच्या डोळ्यांदेखत, एकेक घर करत. मध्यावर येऊन थांबलं. उरलेल्या अर्ध्यात पापलेट लागलं होतं, तेवढं हाती आलं.

येसाजीने जाळं वाळूवर पसरलं आणि पांढऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ कुनी घातली?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडणार तोच बाप पुढे झाला.

"मी," तो म्हणाला. "ती पन तिकडचीच रीत. ओळ घालायची, म्हंजी उसवनं थांबतं. बघ, थांबलं का न्हाय?"

असा माणूस. अर्धं जाळं समुद्रात उसवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याचं श्रेय घ्यायला तो एक पळ थांबला नाही. मला तो गळपट्टा धरून त्याला ओढावंसं वाटलं.

येसाजी सावकाश उभा राहिला. "म्हंजी उसवनार हे तुला ठाव व्हतं."

बाप वाकून त्या पांढऱ्या ओळीकडे बघू लागला.

"ठाव व्हतं म्हनून ओळ घातलीस. आनि ठाव आसून माझ्या होडीत दिलंस. माझे पाच गडी त्या जाळ्यावर गेले." येसाजीचा आवाज चढला नाही. स्वतः ते जाळं ताणून 'झ्याक' म्हणाला होता, ते तो सोयीने विसरला होता. "चुकला आसतास तर मी काय बोललो नसतो. मानूस चुकतो. तू फसवलंस. फसवनाऱ्याच्या घरची पोर मला नको. सदा, जाळी उचल."

सदाने जाळ्याला हात लावला नाही, पण येसाजीपुढे बोललाही नाही. मी तिथेच उभी. बाप खोटं बोलतो हे साऱ्या किनाऱ्यासमोर मी सांगायचं की नाही, हे मला ठरवता येईना. सांगितलं तर तो खोटारडा. न सांगितलं तर तो लुच्चा. आणि दोन्हीकडून माझं लग्न समुद्रात.

बापाने गळपट्टा काढला. तो हातात गोळा केला, पुन्हा सोडला. साऱ्या वाड्यासमोर त्याला दोनपैकी एकच होता येत होतं, हुशार आणि लबाड, नाहीतर प्रामाणिक आणि मूर्ख. इतकी वर्षं त्याने हुशारीच निवडली होती.

"येसाजी, थांब," तो म्हणाला. "मी न्हाय घातली. पोरीनं घातली."

"आता पोरीवर ढकलतोस."

"न्हाय. तिनं मला सांगितलं व्हतं. उसवंल म्हनाली. मी आयकलं न्हाय." त्याने गळपट्टा पुन्हा गोळा केला. "मला जाळं इनता येत न्हाय. कदी आलंच न्हाय. ग्लासगोला मी खाटेवर पडून व्हतो, तितं कुनी जाळं इनत नव्हतं."

येसाजी माझ्याकडे वळला. "खरं, पोरी?"

"व्हय, काका," मी म्हटलं. "सदाला पन सांगाया हवं व्हतं. न्हाय सांगितलं. एकच ओळ जमली."

येसाजीने त्या ओळीतली एक गाठ नखाने ओढून पाहिली. ती हलली नाही. त्याने दुसरी ओढली, तिसरी ओढली. मग कमरेचा रुमाल झटकला आणि सदाकडे बघून म्हणाला, "गाठ बरी मारती. लगीन व्हईल. राहिलेलं दहा वाव हिचा मामा इनंल. काळूराम, तू जाळ्याला हात लावायचा न्हाय."

तेव्हा लोक हसले. आधी ठमीकाकू, खूप मोठ्याने, मग गडी, मग पार पलीकडच्या होड्यांवरचे ज्यांना काय झालं ते नीट कळलंही नव्हतं. कुणीतरी बापाला ग्लासगोचं हवापाणी विचारलं. तो आखूड पायावर भार टाकून वाळूत उभा राहिला आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

मी आयुष्यभर त्याला हसत आले होते. तो एकदा तरी चुकलो म्हणेल म्हणून वाट बघत होते, आणि मला हवा तो नवरा मिळाला होता. पण बाप तसं म्हणाला आणि मला हसू आलं नाही. फार राग आला, त्याचा नव्हे, हसणाऱ्यांचा. त्यांच्यातला एकही माझ्यासाठी तेवढं बोलला नसता. लग्नात मी वाड्यातल्या सगळ्या थोरांच्या पाया पडले. ठमीकाकूच्या पडले नाही.